डाव्या बाजूचं स्टिअरिंग

"हे चुकलंय," काका म्हणाले. "स्टिअरिंग उजवीकडे घे."

टेबलावर पसरलेल्या आराखड्यात त्यांचं बोट केबिनच्या डाव्या कोपऱ्यावर टेकलेलं होतं.

मी म्हटलं, "काका, गाडी अमेरिकन आहे. त्यांच्याकडे स्टिअरिंग डावीकडेच असतं. पुस्तकातही तसंच दाखवलंय."

"पुस्तकात असेल. आपल्या गाडीचं उजवीकडे होतं. आम्ही बदलून घेतलं होतं."

"कुठं बदललंत?"

"त्याच्याशी तुला काय करायचंय? खोड ते, आणि उजवीकडे काढ."

मी खोडरबर घेतलं. दाराशी अण्णा, माझे वडील, चहाचे कप घेऊन उभे होते. त्यांनी कप ठेवले आणि बाहेर गेले.

ही १९९०च्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची लहान मॉडेलं बनवायचे. काकांनी, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ भूपाल मगदूम यांनी, मला महिनाभरासाठी सांगलीला बोलावून घेतलं होतं. त्यांच्या ट्रान्सपोर्टच्या नव्या ऑफिसचं उद्घाटन दहा फेब्रुवारीला होतं. आत शिरल्या शिरल्या समोर काचेची पेटी असणार होती आणि तिच्यात मगदूम बंधूंच्या पहिल्या ट्रकचं मॉडेल. १९४२ सालचा शेवरलेट. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कर मागं सोडून गेलं, त्या गाड्यांतला. लिलावातून दहा हात फिरून तो सांगलीत आला आणि सत्तावन्न साली दोघा भावांनी घेतला. काका माल मिळवायचे, अण्णा गाडी चालवायचे, फिरायचे दोघं बरोबरच. गूळ, हळद, कधी शेंगा.

खरा ट्रक केव्हाच मोडीत गेला होता. उरला होता एक फोटो. बॉनेटवर हार, काचेवर उन्हाची तिरीप, त्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. बाकीची मापं मला मिरजेच्या लतीफ मिस्त्रींनी दिलेल्या पुस्तकातून मिळाली. ते लष्करी दुरुस्तीचं पुस्तक होतं, ऑइलनं पार काळं झालेलं. मी एकास दहाचं प्रमाण धरलं. म्हणजे ट्रक जवळजवळ दोन फूट लांब होणार होता.

काम गोदामाच्या मागच्या खोलीत चालायचं. अण्णा तिथंच राहायचे. आई गेल्यापासून एकटेच. सबंध दिवस पुढं बिल्ट्या लिहायचे, म्हणजे कुठला माल कुठल्या गाडीतून कुणाकडे चालला त्याच्या पावत्या. ज्या माणसानं कंपनीची पहिली गाडी चालवली त्यानं गेली एकोणतीस वर्षं स्टिअरिंगला हात लावला नव्हता. कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. एकसष्ट साली आष्ट्याच्या रस्त्यावर अण्णांनी घाईनं उसाच्या बैलगाडीला ओव्हरटेक केलं, आणि समोरून सायकलवर येणारा रामू खोत नावाचा दूधवाला ट्रकखाली आला. जागच्या जागी गेला. अण्णांना सहा महिन्यांची शिक्षा झाली, लायसन्स गेलं. काका अण्णांना सुकू म्हणायचे. पाहुण्यांना सांगायचे, "सुकूला भारी घाई." अण्णा समोर असले तरी सांगायचे.

खरं सांगायचं तर मीही तेच धरून होते. शाळेत एका मुलीनं मला भर वर्गात विचारलं होतं, "तुझे वडील जेलमध्ये होते ना गं?" त्या दिवसापासून मी अण्णांना कुठल्याही कार्यक्रमाला शाळेत येऊ दिलं नाही. पुण्याला शिकायला गेले त्यामागं तेही एक कारण होतं.

चासी तयार झाली, चाकं लेथवर काढून घेतली, केबिन शिवणीच्या लाकडाची कोरली. अण्णा संध्याकाळी येऊन स्टुलावर बसायचे. हात लावायचे नाहीत, नुसते बघायचे. एके दिवशी अचानक म्हणाले, "मागचे पाटे आठ होते. तू सात लावलेस."

मी फोटो बघितला. त्यात मागची स्प्रिंग दिसतच नव्हती.

"तुम्हाला आठवतं?"

"गूळ जास्त व्हायचा म्हणून एक पाटा वाढवला होता." मग थोडं थांबून म्हणाले, "क्लचचं पेडल जरा वाकडं कर. खालून दगड लागला होता."

त्या दिवसापासून ते बोलायला लागले. हौद्याच्या मागच्या फळीला, फाळक्याला, कुठं चीर होती, डावा आरसा कसा तारेनं बांधला होता, बॉनेट उघडताना कुठल्या बाजूनं बुक्की मारावी लागायची. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी विचारत जायची, ते सांगत जायचे. फक्त एकदा मी म्हटलं, "अण्णा, स्टिअरिंगचा दांडा उजवीकडून खाली आणायला मला वाट सापडत नाही. काही ना काही आड येतंय. तेव्हा कसं बसवलं होतं?"

ते उठले. "दादा म्हणतो तसं कर," म्हणाले आणि गोदामाकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला गेले. लतीफ मिस्त्री सत्तरीच्या पुढचे, गॅरेज मुलांच्या हाती दिलेलं. अंगणात खाटेवर बसून होते. मी विचारलं, "मिस्त्री, त्या शेवरलेटचं स्टिअरिंग उजवीकडे कसं नेलं होतं? तुम्हीच केलं असणार."

"कोण म्हणतं नेलं?"

"काका."

ते हसले. "भूपालशेठ विसरले असतील. पोरी, ती गाडी मी माझ्या हातानं मोडली. शेवटपर्यंत स्टिअरिंग डावीकडेच होतं. त्या गाडीला कोण एवढा खटाटोप करणार?"

"मग आपल्या रस्त्यावर चालवायचे कसे? पुढच्या गाडीच्या बाजूनं समोरचं कसं दिसायचं?"

"दिसायचंच नाही. ड्रायव्हर कडेला बसलेला, त्याला पुढच्या गाडीचं ढुंगणच दिसणार. म्हणून उजवीकडे माणूस बसवायचाच. त्यानं वाकून बघायचं आणि सांगायचं, 'जा' नाहीतर 'थांब'. त्याचे डोळे उसने घेऊन चालवायची ती गाडी." ते बोलता बोलता थांबले. माझ्याकडे बघितलं आणि मग खाटेच्या दोरीकडे. "तुझ्या वडलांना विचार," म्हणाले. "मी काही म्हटलेलं नाही."

परत येताना एस.टी.त माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. त्या गाडीत दोघंच असायचे. अण्णा आणि काका.

सांगलीला पोचल्यावर मी पुठ्ठ्याची एक बैलगाडी केली, ट्रकच्याच मापाची. तिच्यावर केरसुणीच्या काड्या उसासारख्या रचल्या, दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या. ती टेबलावर ठेवली, मागं ट्रक ठेवला, आणि बैलगाडीच्या पलीकडे, उजव्या अंगाला, दूधवाल्याच्या जागी एक काडेपेटी उभी केली. मग केबिनचं छत काढून मागच्या बाजूनं डोळा लावला. डावीकडून बघितलं, नुसता ऊस. उजवीकडे सरकले, काडेपेटी स्पष्ट दिसत होती. अख्खा रस्ता दिसत होता.

मी सरळ उभी राहिले तेव्हा अण्णा मागं होते. त्यांनी टेबलाकडे बघितलं. काडेपेटीकडे बघितलं.

"वाकून बघा," मी म्हटलं.

"मला बघायची गरज नाही."

"काका उजवीकडे बसले होते?"

ते स्टुलावर बसले. बाहेर हमाल पोती टाकत होते, त्याचे धप्प धप्प आवाज येत होते.

"त्यांनी 'जा' म्हटलं?"

"म्हटलं."

"मग कोर्टात का नाही सांगितलंत?"

"ॲक्सिलरेटरवर पाय माझा होता, त्रिशला. सांगून तो माणूस परत आला असता?"

"पण शिक्षा तुम्ही एकट्यानं भोगलीत!"

"वहिनीला आठवा महिना होता. दादा आत गेला असता तर धंदा बसला असता. माझं लग्न व्हायचं होतं, मागं कुणी नव्हतं. वकील म्हणाला, एकानंच जायचं तर ड्रायव्हरनंच जावं. मीही म्हटलं, ठीक." ते आपल्या तळव्याकडे बघत बोलत होते. "त्याचं मला काही नाही. सहा महिने निघून गेले. पहिली दोन-तीन वर्षं दादा माझी नजर टाळायचा. ते बरं होतं. मला वाटायचं, दोघांच्या मनात आहे. मग हळूहळू टाळेनासा झाला."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. लहानपणानंतर बहुधा पहिल्यांदाच.

"तू उजवीकडेच लाव," ते म्हणाले. "उगीच आता काही काढू नकोस. त्याचं वय झालंय. माझंही."

मी हो म्हटलं नाही. स्टिअरिंगचा दांडा पितळेचा केला आणि डावीकडे डाग देऊन पक्का बसवला.

आठ तारखेला दुपारी चार वाजता काका आले. ट्रक तयार होता. निळा रंग, केबिनवर पिवळा पट्टा, हौद्यावर ताडपत्री, आरसा तारेनं बांधलेला. काका दारातच थबकले. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. जवळ येऊन त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवलं, फाळक्याची चीर बघितली आणि हसले. "सुकूनं सांगितलं ना हे?"

मग ते वाकले आणि त्यांना स्टिअरिंग दिसलं.

"हे काय?"

"डावीकडेच होतं, काका."

"मी काय सांगितलं होतं तुला?"

"लतीफ मिस्त्रींनी स्वतः गाडी मोडली. कधी बदललंच नव्हतं."

"लतीफला काय कळतं? म्हातारा झालाय तो! मी त्या गाडीत चार वर्षं बसलोय. काढ ते."

"नाही काढणार."

काकांना कुणी नाही म्हणत नसे. चाळीस गाड्या, शंभर-सव्वाशे माणसं, सगळी त्यांच्या एका शब्दावर हलायची. त्यांच्या मानेवरची शीर फुगली. "हे गोदाम कुणाचं आहे? ही खोली कुणाची आहे? तुझ्या बापाला जेलमधून सुटल्यावर सांगलीत कुणी दारात उभं केलं नसतं. मी ठेवून घेतला. तुझं शिक्षण कुणी केलं? आणि तू मला शिकवतेस? उद्या सकाळी मी दुसऱ्या माणसाकडून ते बदलून घेईन."

"घ्या. पण मग गाडी तुमची राहणार नाही."

"मी कडेला बसायचो!" ते ओरडले. त्यांनी बोट केबिनच्या डाव्या खिडकीवर आपटलं. "इथं! झाडांच्या फांद्या हाताला लागायच्या. मला पुढचं काय दिसणार होतं? मला काही दिसत नव्हतं!"



"काका," मी म्हटलं, "मी अपघाताचं काही विचारलंच नाही."

त्यांचं बोट अजून तिथंच होतं. त्यांनी ते खिडकीतून आत घातलं, सीटवर टेकवण्यासाठी. ते स्टिअरिंगला अडलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा अडलं. ते त्या पितळी चक्राकडे बघत राहिले आणि मला पहिल्यांदा कळलं की ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसंच आठवत होतं. स्वतःला त्यांनी कधीतरी उजवीकडून उचलून डावीकडे नेऊन बसवलं होतं आणि मग ते विसरूनही गेले होते.

"दादा."

अण्णा दारात होते. केव्हा आले कळलं नाही.

"दादा, तू उजवीकडे होतास."

काका वळले नाहीत.

"तू तंबाखू मळत होतास. मी विचारलं, जाऊ का? तू मान वर केली नाहीस. 'जा' म्हणालास."

"तू हे आज बोलतोयस? एकोणतीस वर्षांनी?"

"तू कधी विचारलं नाहीस."

काकांनी दोन बोटांच्या चिमटीत ते चक्र धरलं. मला वाटलं, आता उपटणार. क्षणभरानं त्यांनी सोडून दिलं, टेबलाची कड धरली आणि विचारलं, "तू का नाही बघितलंस?"

"मला दिसत नव्हतं. आणि तू सांगितलं होतंस."

काका गेले. गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला, पण गाडी सुरू व्हायला बराच वेळ लागला. अण्णा मला रागावले नाहीत. शाबासकीही दिली नाही. त्यांनी पुठ्ठ्याची बैलगाडी उचलली, काड्या काढून केरात टाकल्या आणि पुठ्ठा सरळ करून कपाटामागं ठेवला.

नऊ तारखेला काकांचा निरोप आला नाही, माणूसही आला नाही. संध्याकाळी मीच ट्रक नेऊन नव्या ऑफिसात काचेच्या पेटीत ठेवला.

दहा तारखेला सकाळी दहाला आम्ही पोचलो तर पेटी रिकामी. मांडव भरत होता, सनईची कॅसेट लागली होती, पाहुणे पेटीपाशी येऊन विचारत होते, ट्रक कुठाय? काकू घाबरलेल्या. म्हणाल्या, "हे पहाटेच उठून गेले. महावीरला गाडी काढायला लावली. बोलले काहीच नाहीत." महावीर म्हणजे काकांचा ड्रायव्हर. मला वाटलं, गेले बदलून आणायला. नाहीतर मोडून टाकायला. अण्णा पांढरा नवा शर्ट घालून एका खांबाशी उभे होते, फाटकाकडे बघत.

सव्वाबाराला काका आले. ट्रक त्यांनी दोन्ही हातांवर घेतला होता, शालीत गुंडाळून. सरळ जाऊन त्यांनी तो पेटीत ठेवला. मी धावत जाऊन बघितलं. स्टिअरिंग डावीकडेच होतं. मग फीत कापली गेली, काकांनी छापलेलं भाषण वाचलं. त्यात कष्ट होते, जिद्द होती, सचोटी होती. अपघाताचा शब्द नव्हता. अण्णांचं नावही नव्हतं. माझा असा संताप झाला की मी मांडवातून उठून बाहेर आले.

बाहेर महावीर गाडी पुसत होता. मी विचारलं, "कुठं गेला होतात?"

तो इकडे तिकडे बघून म्हणाला, "कोरेवाडीला. हौसाबाई खोतांच्या घरी."

रामू खोतांची बायको. मला ती जिवंत आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

"काका पायरीवर बसले," महावीर सांगत होता. "ट्रक पुढ्यात ठेवला. बोट घालून दाखवलं, ड्रायव्हर इथं होता, मी इथं. मला दिसत होतं पण मी बघितलं नाही, म्हणाले. न बघताच जा म्हणालो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, 'मग दरसाल येऊन दारात उभं राहत्यात ते कोण?'"

"कोण उभं राहतं?"

"काकांनीही तेच विचारलं. बाई म्हणाल्या, 'पांढरा सदरा, हातात टोपी. आमचे मालक गेले त्या दिवशी, सात मार्चला येत्यात. काय बोलत न्हाईत. मी दार उघडत न्हाई. घटकाभर थांबून जात्यात.'" महावीरनं फडकं पिळलं. "मग काका लई रडले, ताई. मी असं कधी बघितलं नव्हतं."

मी मांडवात परत गेले. अण्णा पाहुण्यांना पेढे वाटत होते. सात मार्चला ते दरवर्षी सुट्टी घ्यायचे. आष्ट्याला एक जुना मित्र आहे, म्हणायचे. मी कधी त्या मित्राचं नावही विचारलं नव्हतं.

काकांनी ती गोष्ट पुढंही चारचौघांत कधी सांगितली नाही. मला त्याबद्दल त्यांचा राग होता, अजूनही थोडा आहे. पण त्या दिवसानंतर ते रोज दुपारी गोदामात येऊन अण्णांच्या शेजारी बसायला लागले. तासभर बसायचे. दोघं फारसं बोलायचे नाहीत.

त्या वर्षी सात मार्चला मी पुण्याहून आले आणि अण्णांबरोबर कोरेवाडीला गेले. त्यांनी नको म्हटलं, तरी गेले. काकांनी गाडी देऊ केली होती, अण्णांनी एस.टी.नंच जायचं ठरवलं. फाट्यावर उतरून दीड मैल चाललो. घर साधं, कौलारू, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. अण्णा अंगणाच्या कडेला थांबले, टोपी काढून हातात घेतली आणि उभे राहिले. मी त्यांच्या मागं.

दार उघडलं. साठीच्या पुढची, बारीक अंगाची बाई उंबऱ्यात आली. तिनं अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"लेक का?"

अण्णांनी मान हलवली.

"आत या," ती म्हणाली. "उन्हात किती उभं राहणार?"

आम्ही आत घोंगडीवर बसलो. तिनं चुलीवर चहा ठेवला, दोन कप आणून आमच्यापुढं ठेवले आणि समोर भिंतीला टेकून बसली. अण्णांनी कप उचलला, पण तो ओठांपर्यंत जाईना. कपात चहा हिंदकळत होता. ती बघत होती.

"साखर कमी पडली का?" तिनं विचारलं.

"नाही," अण्णा म्हणाले. "बरोबर आहे."

आणि त्यांनी तो सगळा चहा प्यायला.